दृष्टांत ते दर्शन : तत्त्वचिंतन आणि चित्रपट यांच्या नात्याचा मागोवा

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही जुन्या मराठी मंडळाचा जमाखर्च चाळून पाहिला, तर गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, संक्रांतीचे हळदीकुंकू यांच्या जोडीने मराठी चित्रपटाच्या खेळाचा खर्चही त्यात बहुधा आढळेल. भाड्याने मागवलेली रिळे, कोणाकडून तरी मिळवलेले प्रक्षेपणयंत्र आणि सभागृहात ताणून बांधलेला पांढरा पडदा, एवढ्या सामग्रीवर परमुलखातील मराठी कुटुंबांनी कितीतरी संध्याकाळी आपल्या भाषेच्या सहवासात घालवल्या. हिशेबाच्या वहीत हा खर्च ‘करमणूक’ या सदरात पडतो आणि त्यात हिशेबनिसाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु अंधारात बसून प्रकाशाच्या हलत्या आकृती पाहताना माणूस नेमके काय करत असतो, जे दिसते ते खरे की खोटे, आणि खोटे असेल तर त्याने डोळ्यांत खरे पाणी का यावे, हे प्रश्न करमणुकीच्या सदरात मावणारे नाहीत. ते तत्त्वज्ञानाचे प्रश्न आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना या प्रश्नांचा इतिहास थोडक्यात मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

हा इतिहास ढोबळमानाने दोन टप्प्यांत विभागता येतो. पहिल्या टप्प्यात तत्त्वज्ञांनी चित्रपटाचा उपयोग दृष्टांतासारखा केला. सिद्धांत आधीच ठरलेला आणि तो समजावण्यासाठी चित्रपटाचे उदाहरण, असे त्याचे स्वरूप होते. दुसऱ्या टप्प्यात, बऱ्याच उशिरा, त्यांच्या ध्यानी आले की चित्रपट हा स्वतःच पाहण्याचा एक प्रकार आहे, आणि पाहणे म्हणजेच दर्शन. आपल्या परंपरेत ‘दर्शन’ या शब्दाला देवापुढे उभे राहून पाहणे आणि तत्त्वज्ञानाची शाखा असे दोन्ही अर्थ आहेत. दृष्टांतापासून दर्शनापर्यंतची ही वाट पाऊणशे वर्षांहून अधिक काळाची आहे. विशेष म्हणजे पाश्चात्त्य विद्यापीठांना जे तत्त्व म्हणून उमगायला इतका काळ लागला, ते आपल्याकडील काही कारागिरांनी तत्त्वाची भाषा न वापरता कितीतरी आधी पडद्यावर साधले होते.

कॅमेऱ्याआधीचा चित्रपट

‘चित्रपट’ हा शब्द कॅमेऱ्याहून जुना आहे. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’ या वेदान्तग्रंथाचे सहावे प्रकरण ‘चित्रदीप’ या नावाचे असून त्याचा आरंभच चित्रपटाच्या दृष्टांताने होतो. येथे चित्रपट म्हणजे चित्र काढलेले वस्त्र. प्रथम धुतलेले शुभ्र कापड, मग खळ देऊन ताठ केलेले, त्यानंतर रेषांनी आखलेले आणि शेवटी रंगांनी भरलेले, अशा वस्त्राच्या चार अवस्था सांगून विद्यारण्य त्या शुद्ध चैतन्यापासून दृश्य जगापर्यंतच्या चार पायऱ्यांना लावून दाखवतात. चित्रातील राजा आणि सेवक यांच्या अंगावर निरनिराळी वस्त्रे दिसतात. पण खरे वस्त्र एकच, ज्यावर ते चितारले आहेत ते.

याच ग्रंथाचे दहावे प्रकरण ‘नाटकदीप’ होय. नृत्यशाळेतील दिवा यजमानाला, प्रेक्षकांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो. ती सर्व मंडळी निघून गेल्यावर रिकाम्या शाळेतही तो तसाच तेवत राहतो. साक्षी चैतन्य हे या दिव्यासारखे आहे, असे विद्यारण्यांना सांगायचे आहे. प्रक्षेपणयंत्राचा दिवा आणि पांढरा पडदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दोन्ही दृष्टांत चित्रपटगृहासाठीच रचले असावेत असे वाटल्यास नवल नाही. त्याहीपूर्वी गौडपादांनी मांडूक्यकारिकांत अलातचक्राचे उदाहरण घेतले होते. जळते कोलीत गरगर फिरवले असता अग्नीचे वर्तुळ दिसते. वास्तविक वर्तुळ नसते, फिरणारे एक कोलीत असते. सुट्या क्षणांतून अखंड आकृती कशी भासते, या प्रश्नाशी आपल्या दार्शनिकांचा परिचय असा जुना होता.

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात गुहेचे रूपक मांडले. जन्मापासून साखळदंडांनी जखडलेले लोक समोरच्या भिंतीवरील सावल्या पाहतात आणि त्यांनाच वास्तव समजतात. सावल्या पाडणारा जाळ त्यांच्या पाठीमागे असतो. चित्रपटगृहाशी याचे साम्य पुढे अनेकांनी दाखवले. मात्र एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्लेटोच्या कैद्याला आपण सावल्या पाहत आहोत हे ठाऊक नसते. प्रेक्षकाला ते पक्के ठाऊक असते आणि तरीही तो तिकीट काढून आत जातो. चित्रपटाविषयीचे सारे तत्त्वचिंतन या एका ‘तरीही’भोवती फिरत आले आहे.

बर्गसाँचा आक्षेप

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्यूमिएर बंधूंनी तिकीट लावून आपले पहिले खेळ दाखवले आणि अवघ्या सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या चित्रफिती लोकांपुढे आल्या. या नव्या यंत्राची दखल घेणारा पहिला मोठा तत्त्वज्ञ म्हणजे फ्रान्सचा आँरी बर्गसाँ. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सर्जक उत्क्रांती’ या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात त्याने मानवी बुद्धीची तुलना सिनेमायंत्राशी केली आणि ती करताना दोघांनाही दोषी ठरवले.

बर्गसाँचे म्हणणे असे. जीवन हा अखंड प्रवाह आहे. त्याला सांधे नाहीत. आपली बुद्धी मात्र या प्रवाहातून मधूनमधून स्थिर चित्रे टिपते, ती एका दोरीत ओवते आणि त्यालाच गती म्हणते. सिनेमायंत्रही हेच करते. फितीवरील प्रत्येक चित्र निश्चल असते. मूकपटाच्या काळात सेकंदाला सोळा-अठरा आणि बोलपटाच्या काळात चोवीस अशी निश्चल चित्रे डोळ्यांपुढून सरकवली की हालचालीचा भास होतो. गती चित्रांत नसते, ती यंत्राच्या फिरण्यात असते, आणि ते फिरणे सर्व चित्रांना एकसारखेच असते, मग पडद्यावर घोडा धावत असो वा बालक रांगत असो. थांब्यांची बेरीज करून प्रवास मिळत नाही, हे बर्गसाँचे सूत्र होते, आणि सिनेमा हे त्याच्या दृष्टीने त्या चुकीचे हाती लागलेले उत्तम उदाहरण होते.

एका परीने पाहता विसाव्या शतकात आपल्याकडेही असेच घडले. तिरुवण्णामलैच्या रमण महर्षींनी आत्म्याचे स्वरूप समजावताना सिनेमाच्या पडद्याचा दाखला वारंवार दिला: चित्रातील आगीने पडदा जळत नाही, चित्रातील पाण्याने तो भिजत नाही. दाखला अत्यंत मार्मिक आहे. परंतु बर्गसाँने सिनेमा वापरला तो बुद्धीची चूक दाखवण्यासाठी आणि महर्षींनी वापरला तो चित्रे सोडून पडद्याकडे लक्ष वळवण्यासाठी. दोघांच्याही उपदेशात चित्रपटाकडे चित्रपट म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही. दृष्टांताचे काम संपले की दृष्टांत बाजूला ठेवायचा असतो.

दादरचा अंकुर

बर्गसाँचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर पाचच वर्षांनी, त्याच्याशी कोणताही परिचय नसलेल्या एका मराठी माणसाने मुंबईत एक छोटा प्रयोग केला. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. कथाचित्रासाठी लागणारे भांडवल उभे राहावे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा रुजवला, ठराविक अंतराने त्याची चित्रे टिपली आणि सलग चालवून दाखवली. बीज फुटले, कोंब वर आला, वेल चढू लागला. कित्येक दिवसांचे काम प्रेक्षकांनी काही क्षणांत पाहिले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत पाहूनच फाळक्यांना द्रव्यसाहाय्य मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

बर्गसाँच्या युक्तिवादापुढे हा वाटाणा ठेवून पाहावा. फाळक्यांनी नेमके तेच केले ज्यावर त्याचा आक्षेप होता. जीवनाच्या प्रवाहातून सुटी, निश्चल चित्रे घेतली आणि ती ओवली. परंतु परिणाम काय झाला? उघड्या डोळ्यांना वेलीची वाढ दिसत नाही. रोज सकाळी कुंडीपाशी जाऊन आपण फक्त इतकेच म्हणतो की कालच्यापेक्षा आज ती मोठी आहे. म्हणजे थांबे पाहतो आणि प्रवासाचे अनुमान करतो. त्या फितीत मात्र वाढणे हेच डोळ्यांना दिसले. यंत्राने निश्चल चित्रांतून, बुद्धीला एरवी अनुमानानेच कळणारा प्रवाह प्रत्यक्ष केला. बर्गसाँच्या आक्षेपाचे हे शाब्दिक उत्तर नव्हे. तरीही ज्या सजीव वाढीविषयी त्याने ग्रंथ लिहिला, तीच या यंत्राने दृश्य केली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

फाळक्यांची दुसरी आठवण याहून प्रसिद्ध आहे. १९११च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहत असता आपल्या अंतःचक्षूंपुढे कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत सांगितले. चरितकार ही हकीकत भारतीय चित्रपटाच्या जन्माची कथा म्हणून सांगतात. तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहिले तर ते एक नेमके निरीक्षण आहे: पडद्यावर एक चित्र चालले असता प्रेक्षकाच्या मनात दुसरे चालू असते, आणि चित्रपट घडतो तो या दोहोंच्या दरम्यान.

मनाच्या घडणीचा पडदा

हेच निरीक्षण शास्त्रीय पद्धतीने मांडणारा ग्रंथ १९१६ साली अमेरिकेत निघाला. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हा मूळचा जर्मन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करत होता. प्रतिष्ठित प्राध्यापकाने सिनेमागृहात जावे हे त्या काळी शोभणारे मानले जात नसे आणि त्यालाही प्रारंभी संकोच वाटे. एकदा गेल्यावर मात्र त्याने झपाट्याने चित्रपट पाहिले आणि या कलेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. चित्रपटाचे तात्त्विक विवेचन करणारे हे अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय.

त्याचा मुख्य सिद्धांत सोपा आणि खोल आहे. रंगभूमीवर नटाच्या हातातील पत्राकडे माझे लक्ष गेले तर बाकीचा रंगमंच माझ्या मनात मावळतो, पण प्रत्यक्षात तो तेथेच असतो. चित्रपटात ते पत्र जवळून दाखवले जाते आणि बाकीचे जग खरोखरच पडद्यावरून नाहीसे होते. जे काम माझे अवधान मनात करते, ते येथे दृश्यात झालेले असते. त्याचप्रमाणे कथेत मधेच मागचा प्रसंग येतो तेव्हा स्मृतीचे काम पडद्याने केलेले असते. बाह्य जग स्थळ, काळ आणि कार्यकारण यांच्या नियमांनी बांधलेले आहे; चित्रपट ते बंध सैल करून घटनांना अवधान, स्मृती, कल्पना आणि भावना यांच्या साच्यात बसवतो. म्हणजे चित्रपट जगाची केवळ नक्कल नव्हे; मन जसे जग अनुभवते तसे ते मांडणारी ती स्वतंत्र कला आहे.

म्युन्स्टरबर्ग त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्गात व्याख्यान देत असता कोसळून मरण पावला. महायुद्धामुळे जर्मन नावाविषयी अमेरिकेत कटुता पसरली होती. तिच्या भरात त्याचे पुस्तकही विस्मरणात गेले आणि १९७० साली पुनर्मुद्रित होईपर्यंत फारसे वाचले गेले नाही.

चित्रातील घोडा आणि फाळक्यांची कन्या

पडदा मनाच्या घडणीचा आहे हे मान्य केले तरी मूळ ‘तरीही’ सुटत नाही. समोर दिसणारा कृष्ण हा कृष्ण नव्हे हे ठाऊक असता आपण त्याला कृष्ण म्हणून कसे पाहतो? या प्रश्नाचा विचार काश्मीरच्या रसशास्त्रज्ञांनी नाट्याच्या संदर्भात हजार वर्षांपूर्वी केला होता. श्रीशंकुकाचे मत अभिनवगुप्तांच्या ‘अभिनवभारती’त नोंदलेले आहे. नटाला राम म्हणून पाहणे हे यथार्थ ज्ञान नव्हे, कारण तो राम नाही. ते भ्रमही नव्हे, कारण पुढे ‘हा राम नव्हता’ असा धक्का बसत नाही. तो संशयही नव्हे, आणि ‘रामासारखा कोणी’ असे सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातील घोड्याकडे पाहून लहान मूलही ‘हा घोडा’ म्हणते, त्या जातीची ही चौघांहून निराळी प्रतीती आहे. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्तांनी शंकुकाचे पुष्कळसे खंडन केले, पण हा न्याय मात्र टिकून राहिला.

फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’चा प्रारंभ या न्यायाचे जणू प्रात्यक्षिक आहे. कृष्णाची भूमिका त्यांच्या लहानग्या कन्येने, मंदाकिनीने, केली होती. कथा सुरू होण्यापूर्वी ती कॅमेऱ्यासमोर साधी मुलगी म्हणूनच येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते आणि मग त्याच जागी कृष्णाचे रूप उमटते. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले की ही एक मुलगी आहे, हा अभिनय आहे. त्यानंतरही डोहात उडी घेणारा कृष्ण प्रेक्षकाच्या लेखी कृष्णच राहतो. फाळक्यांनी फसवणुकीवर विसंबून भक्तिरस निर्माण केला नाही; प्रेक्षकाच्या जाणतेपणाला सोबत घेऊन केला. सिनेमा म्हणजे अजाण लोकांची भुलवणूक, या जुन्या आरोपाला याहून प्रामाणिक उत्तर मिळणे कठीण आहे.

‘संत तुकाराम’ : एकच प्रकाश

फाळक्यांच्या या परंपरेत, पण बोलपटाच्या युगात, ‘प्रभात’ने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघेही मुळात कारागिरीत वाढलेले. एकाचा हात ध्वनी आणि तंत्रावर, दुसऱ्याचा कलादिग्दर्शनावर बसलेला. पटकथा शिवराम वाशीकरांची, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईत तो एका चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या चित्रपटात चमत्कार आहेत: इंद्रायणीतून गाथा परत येते, अखेरीस आकाशातून विमान उतरते. विवेकनिष्ठ मंडळींनी त्याबद्दल नापसंती दाखवली आणि भाविकांनी हात जोडले. दोघांच्याही वादात चित्रपटाने केलेली खरी गोष्ट बाजूला राहते. ज्या प्रकाशात जिजाईची चूल, म्हैस आणि मुलेबाळे दिसतात, त्याच प्रकाशात विमानही दिसते. चमत्कार आला म्हणून कॅमेरा गडबडत नाही, आणि चुलीपाशी आला म्हणून तो कमी आदराने पाहत नाही. ज्या माणसाला ‘ऐहिक’ आणि ‘पारलौकिक’ असे दोन कप्पे ठाऊकच नाहीत त्याचे जग आतून कसे असेल, याचे हे प्रतिपादन आहे आणि ते एकाही संवादातून केलेले नाही. ते केले आहे दाखवण्याच्या पद्धतीतून.

त्याहून महत्त्वाची जिजाई आहे. पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरणारी, विठोबाला संसाराचा जाब विचारणारी ही बाई एखाद्या प्रवचनात आली असती, तर अज्ञानाचे उदाहरण ठरून मागे पडली असती. चित्रपटात ती हरत नाही. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही तिला मुलांच्या पोटाची चिंता आहे आणि ती मागे राहते. प्रेक्षक तुकोबांपुढे नतमस्तक होतो आणि त्याच क्षणी जिजाईचेही त्याला पटलेले असते. युक्तिवादाला निष्कर्षाच्या वेळी एक बाजू घ्यावी लागते. येथे परमार्थ आणि प्रपंच यांचा तंटा न मोडता, दोघांनाही पूर्ण न्याय देऊन समोर ठेवला आहे.

याच चित्रपटातील एक पद शांताराम आठवले यांनी तुकोबांच्या वळणावर नव्याने रचले होते, आणि कित्येक श्रोते ते तुकोबांचेच समजून गात राहिले. गाथेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ते पद तुकोबांचे नव्हे, हे निर्विवाद. पण ऐकणाऱ्याला त्यात तुकोबा भेटले, हेही तितकेच खरे. शंकुकाचा घोडा येथे पुन्हा दिसतो.

युद्धोत्तर युरोप आणि अमेरिका

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडील विचाराने वळण घेतले. फ्रान्समध्ये आंद्रे बाझाँने १९४५ साली छायाचित्राच्या स्वरूपावर निबंध लिहिला. चित्रकाराच्या हातातून उतरलेले चित्र आणि भिंगातून आपोआप उमटलेली छबी यांत मूलभूत भेद आहे. छायाचित्रात वस्तूचा अंश ठशासारखा उतरलेला असतो, म्हणूनच आपण त्यावर वेगळ्या प्रकारचा विश्वास ठेवतो, असे त्याने प्रतिपादन केले.

१९७१ साली हार्वर्डचे स्टॅन्ली कॅव्हेल यांचे चित्रपटावरील पहिले पुस्तक आले. देकार्तपासून आधुनिक माणसाला एक शंका छळत आली आहे: जग आहे खरे, पण माझ्या आणि त्याच्या मध्ये काहीतरी आहे; मी त्यात नाही, मी त्याच्याकडे पाहत आहे. कॅव्हेल म्हणतात, चित्रपटगृहात हीच अवस्था प्रत्यक्षात येते. पडद्यावरचे जग माझ्यासमोर आहे, पण मी त्याच्यासमोर नाही. जी शंका अभ्यासिकेत वेदना देते, ती येथे काही काळ सुखावह होते. १९८१ साली तर त्यांनी अमेरिकेतील विनोदी प्रेमपटांवर ग्रंथ लिहून त्यांची सांगड कांटच्या तत्त्वज्ञानाशी घातली. राज कपूर-नर्गिस यांचा १९५६ सालचा ‘चोरी चोरी’ ज्या १९३४ सालच्या इंग्रजी चित्रपटावर बेतला आहे, त्यात नायक-नायिकेच्या खाटांमध्ये दोरीवर एक घोंगडे टांगलेले असते. त्या घोंगड्यात कॅव्हेल यांना मानवी ज्ञानाची मर्यादा आणि चित्रपटाचा पडदा अशी दोन्ही प्रतीके दिसली. सहकाऱ्यांपैकी काहींना हा पोरखेळ वाटला; पण तत्त्वज्ञाने चित्रपटापुढे शिष्य म्हणून बसण्याची ही सुरुवात होती.

१९८३ आणि १९८५ या वर्षी जील देल्यूझ या फ्रेंच तत्त्वज्ञाने दोन खंडांत बर्गसाँचा आक्षेप बर्गसाँच्याच शिष्यत्वातून निकालात काढला. प्रेक्षकाला निश्चल चित्रे अधिक गती असे कधी दिसतच नाही, त्याला थेट गतीच दिसते. यंत्राच्या पोटात काय आहे हा वेगळा प्रश्न झाला. पुढे जाऊन तो म्हणतो की युद्धोत्तर चित्रपटांत, इटलीतील नववास्तववादी दिग्दर्शकांच्या आणि जपानच्या ओझूच्या कृतींत, पात्रे पूर्वीसारखी झटपट कृती करू शकत नाहीत. ती पाहत राहतात, आणि त्या पाहण्यातून काळच प्रत्यक्ष दिसू लागतो. थोर दिग्दर्शक हेही विचारवंतच आहेत. ते संकल्पनांऐवजी प्रतिमांनी विचार करतात, ही त्याची भूमिका होती. दृष्टांताचे दर्शन झाले ते येथे.

पुन्हा पुणे

देल्यूझचे खंड निघण्यापूर्वीच या विचाराला आपल्याकडे वेगळी पालवी फुटली होती, आणि तीही ‘संत तुकाराम’ जेथे घडला त्याच आवारात. ‘प्रभात’ बंद पडल्यानंतर तिच्या पुण्यातील जागेत १९६० साली केंद्र सरकारची चित्रपटशिक्षण संस्था सुरू झाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आले. साठीच्या दशकाच्या मध्यास ऋत्विक घटक तेथे शिकवत असता मणि कौल आणि कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी होते. शहानींवर गोमंतकात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या विचारांचा खोल संस्कार झाला; कौल यांनी झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपदाचा अभ्यास केला.

कौल यांचा ‘उसकी रोटी’ १९६९-७०चा. मोहन राकेश यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन एक स्त्री रस्त्याच्या कडेला थांबून राहते. घटना जवळजवळ नाहीच; आहे ते वाट पाहणे. पुष्कळ प्रेक्षक कंटाळले, आणि त्यांचा कंटाळाही खोटा नव्हता. परंतु काळ हा घटनांमागचा पडदा न राहता स्वतःच समोर यावा, हे देल्यूझने पुढे ग्रंथांतून मांडलेले सूत्र येथे पंधरा वर्षे आधी एका पंजाबी बाईच्या उभे राहण्यातून प्रकट झाले होते.

एक रास्त शंका

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. २००६ साली पेस्ली लिव्हिंग्स्टन या अभ्यासकाने तो उभयापत्तीच्या रूपात मांडला. चित्रपटाने दिलेला विचार शब्दांत सांगता येत असेल, तर चित्रपटाची गरजच काय? आणि सांगता येत नसेल, तर तेथे विचार आहे हे कशावरून मानायचे? म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

याला माझे उत्तर जिजाईच्या आधारे आहे. ‘परमार्थाची थोरवी मान्य करूनही प्रपंचाचा हक्क नाकारता येत नाही’ हे वाक्य शब्दांत सांगता येते. मी ते आताच लिहिले. पण ते वाचून कोणाचे मत बदलणार नाही. वारीचे वर्णन ऐकणे आणि वारीला जाणे यांत तपशिलाचा फरक नसतो. फरक असतो तो आपण स्वतः त्या वाटेवर होतो की नव्हतो याचा. चित्रपट विचार सांगतो तेव्हा तो आपल्याला त्या विचारात काही काळ राहायला लावतो. नंतर शब्दांत त्याचा सारांश काढता येतो, आणि काढावाही. मात्र सारांशाची खात्री पटते ती पाहिल्यामुळे. प्रत्यक्ष हे प्रमाणांत पहिले मानणाऱ्या परंपरेला हे अवघड वाटू नये.

परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांपैकी अनेकांनी इंद्रायणी प्रथम पाहिली ती पडद्यावर. देहू, आळंदी, पंढरपूर ही गावे त्यांच्या मनात पागनीसांच्या चेहऱ्यासह वसली आहेत. म्हणूनच त्यांच्या बाबतीत खऱ्याखोट्याचा प्रश्न केवळ पंडिती राहत नाही. तुकोबा असेच दिसत होते का, विमान खरेच आले होते का, असे मूल विचारते तेव्हा ‘सिनेमातले सगळे खोटे असते’ असे सांगून त्याला गप्प बसवणे किंवा ‘सगळे खरेच आहे’ म्हणून पाठ थोपटणे, दोन्ही सोपे आहे आणि दोन्हीत त्याच्या प्रश्नाचा अवमान आहे. शंकुकापासून कॅव्हेलपर्यंतच्या विचारवंतांनी या दोन उत्तरांच्या मधली जागा शोधली. पाहताना आपण काय करतो, हे पाहायला त्यांनी शिकवले.

आज रिळे गेली, भिंतीवर ताणलेला पडदाही बहुतेक ठिकाणी गेला. चित्रपट तळहातावर मावू लागला आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात तो पाहू लागला. अशा वेळी मंडळासारख्या संस्थेला एक काम उरते, आणि ते खर्चिकही नाही. वर्षातून चार-सहा जुने-नवे चित्रपट एकत्र बसून पाहावेत आणि दिवे लागल्यावर लगेच उठून न जाता अर्धा तास बसावे. गोष्ट काय होती हे सर्वांना ठाऊकच असते. ती कशी दाखवली आणि तशीच का दाखवली, एवढेच एकमेकांना विचारावे. लहानांना आधी बोलू द्यावे. जमाखर्चाच्या वहीत हा खर्च ‘करमणूक’ या सदरातच राहिला तरी काही बिघडत नाही.